आत्यांचा उजवा खांदा

सोमवारी सकाळी अकरा वाजता सत्यवती आत्यांनी स्वतःचा फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "हीच मी." त्याच दिवशी दुपारी चार वाजता त्याच फोटोकडे बघून त्या म्हणाल्या, "ही मी नाही." मधल्या पाच तासांत फोटोत काहीही बदल झाला नव्हता. आत्यांतही नव्हता. जे काही केलं ते भाजीवाल्या नथ्थूने केलं, आणि तेही दोन वाक्यांत.

फोटो काढला होता प्रणालीने. प्रणाली म्हणजे आत्यांच्या धाकट्या भावाची, अण्णांची मुलगी. वय सत्तावीस, शिक्षण दागिन्यांच्या डिझाइनचं, आणि दहाही बोटं काळी. बोटं काळी असण्याचं कारण तिचा धंदा. फोनला चार-चार कॅमेरे असण्याच्या काळात ती दीडशे वर्षांपूर्वीच्या पद्धतीने फोटो काढायची. काळ्या पत्र्याच्या चकतीवर कलोडियन नावाचं, दवाखान्यासारखा वास येणारं चिकट द्रव ओतायचं, चकती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली आहे तोवर पेटीएवढ्या लाकडी कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत पळत जाऊन ती धुवायची. मग मारी बिस्किटाहून जरा लहान अशी ती चकती चांदीत जडवायची आणि तिचं लॉकेट करायचं. निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही. माणसावरून निघालेला उजेड थेट पत्र्यावर जाऊन बसलेला.

"फोटो लगाना है तो पर्स में लगाओ, दीदी," कमानिया गेटजवळचा सराफ शैलेंद्र सोनी पहिल्या चकतीला म्हणाला होता. आता तोच तिच्या चकत्या जडवून द्यायचा आणि गिऱ्हाइकांना सांगायचा, की कल्पना मूळ त्याची.

अण्णांचं म्हणणं होतं, की पोरीने बँकेची परीक्षा द्यावी. प्रणाली दरवर्षी निमूटपणे फॉर्म भरायची, त्याला स्वतःच्या ओल्या प्लेटवरचा फोटो जोडायची आणि दरवर्षी फॉर्म 'छायाचित्र अस्पष्ट' असा शेरा घेऊन परत यायचा. "मी तर भरते ना, अण्णा," ती म्हणायची. "त्यांनाच मी दिसत नाही."

जबलपूरच्या मदन महल भागातल्या त्या दुमजली घरात वर अण्णा आणि प्रणाली राहायचे, खाली आत्या, त्यांचा मुलगा, सून आणि नात रुचिरा. गच्ची सगळ्यांची होती, पण गच्चीवरचं न्हाणीघर काळे पडदे लावून प्रणालीने ताब्यात घेतलं होतं.

आणि या सगळ्यांवर राज्य आत्यांचं होतं. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन त्या अमरावतीहून जबलपूरला आल्या, त्याला साठ वर्षं झाली. या साठ वर्षांत त्यांना हिंदी इतकं समजायला लागलं होतं, की कोणी हळू आवाजात निंदा केली तरी ती दुसऱ्या खोलीतून कळायची. पण हिंदीचं एक वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. नथ्थूशी त्या तीस वर्षं मराठीत घासाघीस करत होत्या आणि नथ्थू हिंदीत उत्तर देत होता. दोघांपैकी कोणीही माघार घेतली नव्हती.

तीच गोष्ट पदराची. गल्लीतल्या तमाम अम्मांचा पदर पाठीवरून येऊन उजव्या खांद्यावरून पुढे सुटायचा. सीधा पल्ला. आत्यांचा पदर डाव्या खांद्यावर. साठ वर्षं, लग्नात, मयतीत, तापात, डाव्या खांद्यावर. गल्लीत पत्ता सांगतानाही लोक म्हणायचे, "उल्टे पल्ले वाली अम्मा के बाजू में."

अशा घरातल्या रुचिराने लग्न ठरवलं ते अक्षत दुबेशी.

मुलगा चांगला होता. पण तो मुलगा नव्हता, ते दुबे होते, असं आत्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं. तीन महिने वाटाघाटी चालल्या. अखेर अंतरपाट आणि मंगलाष्टकं आत्यांना मिळाली, वरात आणि जेवण दुब्यांना. दोन वाट्यांचं मंगळसूत्र आत्यांना, त्यानंतरचं सगळं आयुष्य दुब्यांना. हा शेवटचा मुद्दा आत्यांच्या लक्षात जरा उशिरा आला. मग त्यांनी प्रणालीला बोलावून घेतलं.

"पोरी, तू ते माणसं पत्र्यावर बसवतेस ना? मले बसव. पदर नीट दिसला पाहिजे. ते लॉकेट रुचिराच्या गळ्यात घालीन. मी त्या घरात जाणार नाही, पण माहा पदर जाईल."

आजवर प्रणालीने पत्र्यावर बसवलं होतं ते भेडाघाटच्या खडकांना, शेजारच्या कुत्र्याला आणि एका कंपाउंडरला. माणसाने आपणहून, हट्टाने, कारण सांगून तिच्याकडे दागिना मागावा, असं पहिल्यांदाच घडत होतं. तिने आत्यांना गच्चीवर उन्हात उभं केलं, आठ सेकंद हलू दिलं नाही, आणि सोमवारी लॉकेट हातात दिलं.

"हीच मी," आत्या म्हणाल्या. आणि लॉकेट घेऊन गल्लीभर फिरल्या.

चार वाजता नथ्थूचा ठेला आला.

"नथ्थू, हे पाह्य. आमच्या प्रणूनं बनवलं."

नथ्थूने गमछ्याला हात पुसले आणि लॉकेट डोळ्यांशी धरलं. "अरे वाह अम्मा! सीधे पल्ले में तो आप बहुत जँच रही हो. आपको ऐसे कभी देखा ही नहीं."

आत्यांच्या हातात दुधी होता. तो त्यांनी सावकाश परत ठेल्यावर ठेवला.

---

"प्रणाली!"

ही हाक मदन महल स्टेशनवर ऐकू गेली असावी. प्रणाली खाली आली तेव्हा आत्या लॉकेट मेलेल्या झुरळासारखं चिमटीत धरून उभ्या होत्या.

"पदर कोणत्या खांद्यावर आहे?"

प्रणालीने पाहिलं. पदर उजव्या खांद्यावर होता. नथही उजव्या नाकपुडीत होती.

"आत्या, सुनो ना. ही प्लेट तशीच असते. आरशासारखी. डावं ते उजवं येतं."

"मग हे मले आता सांगून राहिली?"

"आजपर्यंत कोणी तक्रारच नाही केली!"

हे खरं होतं. भेडाघाटचे खडक उलटे आले, तरी खडकांनी चकार शब्द काढला नव्हता. कुत्र्याची हरकत नव्हती. कंपाउंडरचा भांग डावीकडून उजवीकडे गेला, तर तो उलट खूश झाला होता, कारण माणूस स्वतःला ओळखतो तो आरशातून, आणि प्लेटवर त्याला रोजचा आरशातला कंपाउंडर दिसला. आत्याही सकाळी "हीच मी" म्हणाल्या, त्या याचमुळे. पण गळ्यात लॉकेट घालून रुचिरा जाणार होती ती लोकांत, आणि लोकांनी आत्यांना आरशातून पाहिलेलं नव्हतं.

"साठ वर्षं मी या गावात पदर सांभाळला," आत्या म्हणाल्या, "अन् तू आठ सेकंदांत मले दुबे करून टाकलं! लगन शुक्रवारी आहे. सुलटा काढ."

"सुलटा निघत नाही."

"फोनमध्ये उलटा-सुलटा करता येते म्हणे," अण्णांनी सुचवलं. "मग तो छापून चिकटव."

"मग त्यात मी काय केलं, अण्णा? ते स्टिकर झालं. स्टिकर मी नाही करत."

"काचेवर काढ. काच फिरवून बसवता येईल."

"गळ्यात काच? वरातीत कोणी धक्का मारला तर?"

आत्या एकीकडे हट्टाला पेटलेल्या, प्रणाली दुसरीकडे. अण्णा मधे. छत्तीस वर्षं संरक्षण खात्याच्या कारखान्यात तोफांचे गाडे बनवलेला माणूस, पण अशा वेळी गाड्याची बाजू कोणती आणि तोफेचं तोंड कुठे, हे त्यांना घरात कधीच कळलं नव्हतं.

"एक उपाय आहे," प्रणाली शेवटी म्हणाली. "आत्या, तू पदर उजव्या खांद्यावर घे. नथ उजवीकडे लाव. प्लेटवर सगळं डावीकडे येईल."

आत्यांनी आधी डाव्या खांद्यावरचा पदर घट्ट आवळला.

"म्हणजे," आत्या एकेक शब्द वेगळा करून म्हणाल्या, "मी मराठी दिसावं म्हणून मी सीधा पल्ला घ्यावा?"

"आठच सेकंद."

"आठ सेकंद काय, मेल्यावरही नाही. लिहून ठेव. मले न्यायच्या वेळी पण डाव्याच खांद्यावर."

---

मंगळवारी अण्णांना आरशाची कल्पना सुचली. आत्यांचा नाही, आत्यांच्या आरशातल्या प्रतिबिंबाचा फोटो घ्यायचा. उलट्याचं उलटं म्हणजे सुलटं. कल्पना इतकी बिनचूक होती, की प्रणालीला मनातून रागच आला. बाटलीत कलोडियन दोनच प्लेटींपुरतं उरलं होतं आणि नवी बाटली हैदराबादहून यायला दहा दिवस लागत, कारण असलं पेट घेणारं द्रव विमानाने येत नाही. एक प्लेट अण्णांच्या कल्पनेवर लावायची ठरली.

खालच्या कपाटाचा पुरुषभर उंचीचा आरसा अण्णांनी एकट्याने गच्चीवर नेला. आत्या नेहमीच्या पदरात, नेहमीच्या नथीत त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. मान हलू नये म्हणून डोक्यामागे अण्णांनी स्वतः बनवलेलं लोखंडी स्टँड होतं. त्यावर तोफही टेकवता आली असती. आरशात थोडा उजेड वाया जातो, म्हणून आठऐवजी सोळा सेकंद. आत्या सोळा सेकंद दगडासारख्या उभ्या राहिल्या. प्रणालीने प्लेट धुवून बाहेर आणली.

पदर डावीकडे. नथ डावीकडे. आणि आत्यांच्या चेहऱ्यावर, गळ्यावर नऊ काळे डाग.

"मले देवी आल्या?" आत्यांनी विचारलं.

अण्णांनी आरशाकडे पाहिलं. आरशावर नऊ टिकल्या चिकटवलेल्या होत्या. काही सुनेच्या, काही रुचिराच्या, एक खुद्द आत्यांची. रात्री काढून आरशाला लावायच्या, सकाळी नवी घ्यायची. वर्षानुवर्षं लावलेल्या त्या टिकल्या घरात कोणाला दिसतच नव्हत्या. प्लेटला मात्र दिसल्या. आणि लाल रंग या प्लेटला कळत नाही, तो ती काळाच उतरवते.

"टिकल्या काढून परत घेऊ," अण्णा म्हणाले. "आधी हा खाली नेऊन नीट धुतो."

"इथंच पुसा ना, अण्णा."

"इथं धूळ आहे."

आणि अण्णांनी आरसा उचलून जिन्याकडे नेला. जिन्याच्या वळणावर तो अडकला. तिरपा केला, आणखी अडकला. सरळ केला, तेव्हा तो भिंत आणि कठडा यांच्यामध्ये असा काही बसला, जणू घर त्याच्याभोवतीच बांधलंय. खाली येईना, वर जाईना. शेजारच्या विष्णूभैयांना बोलावलं. ते एकदा आरशात बघून मिशा नीट करून गेले.

एकच प्लेट उरली होती. लॉकेट शुक्रवारी गळ्यात हवं असेल, तर शैलेंद्रला ती बुधवारी संध्याकाळपर्यंत द्यायला हवी होती.

रात्रीचं जेवण झालं. हात धुताना रुचिरा एवढंच म्हणाली, "आजी, राहू दे ना. मी असंच जाईन. मोकळ्या गळ्यानं."

नातीच्या त्या मोकळ्या गळ्याकडे आत्यांनी पाहिलं.

"प्रणू," त्या म्हणाल्या. "उद्या अकरा वाजता. गच्चीचं दार बंद. अण्णा जिन्यात उभा राहील. अन् त्या आठ सेकंदांत कोणी हिंदी बोललं, तर मी पदर फिरवून खाली येईन."

---

बुधवारी अकरा वाजता आत्या गच्चीवर आल्या. पदर पाठीवरून डोक्यावर, उजव्या खांद्यावरून पुढे. चापाची नथ उजव्या नाकपुडीला. तोंडावर भाव असा, की बाजूला तोफ नसल्याचं वाईट वाटावं.

"हसू नको."

"नाही हसून राहिली, आत्या."

"मनात पण नको."

गच्चीचं दार लावायला गेलं तर लागेना, कारण कडी गंजलेली होती. पण जिन्यात अण्णा होते, आणि अण्णांच्या खाली आरसा होता.

प्रणालीने पडद्याआड शेवटची प्लेट तयार केली, ती कॅमेऱ्यात घातली. आत्यांचं डोकं स्टँडला टेकवलं. "आता पापणीही नको," ती म्हणाली आणि भिंगावरचं झाकण काढलं.

नेमक्या त्याच वेळी खाली फाटकाशी नथ्थू कोणाला तरी सांगत होता, "दादी जी? वो तो ऊपर हैं, छत पे."

दुब्यांकडून रुचिराच्या साड्या दाखवायला माणसं आली होती. अक्षतची आई विनता जी आणि अक्षतची आजी, बडी अम्मा. बडी अम्मा चौऱ्याऐंशी वर्षांच्या. काठीसारख्या बारीक, त्यामुळे आरशाच्या फटीतून त्या सहज निघाल्या. पुढे अण्णा होते.

"अम्मा जी, ऊपर मत जाइए. काम चल रहा है."

"कैसा काम?"

छत्तीस वर्षं संरक्षण खात्यात काढलेल्या माणसाच्या तोंडून एकच वाक्य निघालं. "बताने की इजाजत नहीं है."

हे ऐकल्यावर कुठली बाई थांबेल? बडी अम्मांनी अण्णांना काठीने बाजूला केलं आणि दार ढकललं.

"एक," प्रणाली मोजत होती. "दोन."

बडी अम्मा उंबऱ्यातच थबकल्या. समोर भर उन्हात, सूर्याकडे तोंड करून, सीधा पल्ला डोक्यावर घेऊन त्यांच्या होणाऱ्या समधन, म्हणजे विहीणबाई, निश्चल उभ्या होत्या. त्याच समधन, ज्यांनी तीन महिने एका पदरावरून दुब्यांचं जगणं कठीण केलं होतं.

"तीन."

"हाय राम!" बडी अम्मा म्हणाल्या. "विनता, देख तो!"

आत्यांचे फक्त डोळे हलले. डोळे हललेले प्लेटवर फार दिसत नाहीत.

"चार."

आत्यांना आता दोनच गोष्टी करता येण्यासारख्या होत्या. पदर झटकून डाव्या खांद्यावर घ्यायचा आणि ओरडून सांगायचं, की बाई, हे तसलं काही नाही. म्हणजे शेवटची प्लेट गेली आणि रुचिरा मोकळ्या गळ्याने दुब्यांच्या घरी जाणार. किंवा उभं राहायचं.

"पाच."

"समधन जी ने हमारे लिए सीधा पल्ला ले लिया!" बडी अम्मांचा आवाज भरून आला. "अकेले में! चुपचाप! बिना बताए!"

"सहा."

आत्या उभ्या राहिल्या. त्यांच्या कपाळावरची एक शीर तेवढी थोडी पुढे आली.

"सात."

"और मैं पापिन इनको घमंडी बोलती रही!"

"आठ!" प्रणालीने झाकण लावलं, प्लेट उपसली आणि न्हाणीघरात धाव घेतली. तिला थांबता येणार नव्हतं; प्लेट वाळली असती तर सगळंच संपलं असतं. त्यामुळे धड खुलासा करू शकणारं एकमेव माणूस पडद्यामागे गेलं.

आत्यांनी मान स्टँडवरून सोडवली आणि तोंड उघडलं. "हे पाहा, हे जे आहे ना—"

"कुछ मत कहिए." बडी अम्मांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "आप ने इतना किया, तो हम पीछे रहेंगे? शादी में दुबे खानदान की एक-एक औरत उल्टा पल्ला लेगी. और नथ भी पहनेगी, आप लोगों वाली, बड़ी."

आत्यांचं तोंड उघडं होतं. ते त्यांनी मिटलं.

साठ वर्षांत त्यांना एका नथ्थूला मराठी बोलायला लावता आलं नव्हतं. इथे अख्खे दुबे चालून येत होते, आणि तेही आपल्या पायांनी.

---

गुरुवारी संध्याकाळी शैलेंद्रने लॉकेट जडवून पाठवलं. घरातल्या सगळ्यांनी पाहिलं. पदर डाव्या खांद्यावर. नथ डाव्या नाकपुडीत. देवी नाहीत. "आजी, अगदी तू!" रुचिरा म्हणाली.

आत्यांनी ते हातात घेऊन दूर धरलं, जवळ धरलं. आरशात हनुवटीवरचा तीळ आणि पदर कायम एकाच बाजूला दिसायचे; इथे तीळ एकीकडे होता आणि पदर दुसरीकडे. वाकडे ओठही पदराकडे पाठ फिरवून होते. आयुष्यभर आरशात बघितलेली बाई ही नव्हती.

"ही मी नाही," त्या म्हणाल्या. प्रणालीचा चेहरा उतरला. "पण पदर माहा आहे. घाल गळ्यात."

मग प्रणालीकडे न बघता त्या म्हणाल्या, "अन् ते पहिलं कुठं आहे? उलटं? ते फेकू नको. ते मी ठेवीन."

"काहून? ते तर दुबे आहे ना?"

"तोंड सांभाळ. तीळ पदराच्या बाजूला आहे त्याच्यात."

शुक्रवारी लग्नाच्या हॉलच्या दारात वरात आली आणि बँडवालेही क्षणभर सूर चुकले. पुढे बडी अम्मा, मागे विनता जी, आणि त्यांच्या मागे बावीस दुबे बायका. सगळ्यांचा पदर डाव्या खांद्यावर. काहींनी तो दहा-दहा पिनांनी बसवला होता. नथा इतक्या मोठ्या, की दोघींना रस्ता दिसत नव्हता. रुचिराच्या गळ्यात चांदीच्या कोंदणातून आत्या हे सगळं बघत होत्या, आणि प्रत्यक्षातल्या आत्या दारात स्वागताला उभ्या होत्या. मोरपंखी पैठणी, डाव्या खांद्यावर पदर, मान स्टँडशिवायही ताठ.

बडी अम्मा हात पसरून पुढे आल्या. आणि थांबल्या. त्यांनी आत्यांना वरून खाली पाहिलं.

"अरे," त्या म्हणाल्या. "आज आप ने सीधा पल्ला नहीं लिया?"

मागे बावीस नथा हलायच्या थांबल्या.

अण्णा खुर्ची शोधायला लागले. प्रणालीने रुचिराच्या गळ्याकडे पाहिलं. आत्ता आत्यांनी खरं सांगितलं, की परवाची ती बाई फोटोपुरती होती, तर बावीस बायका बावीस पिनांच्या डब्यांसह इथेच वेड्या ठरणार. आणि खरं बोलण्याच्या बाबतीत आत्यांनी आजवर कोणाची गय केलेली नव्हती.

आत्यांनी घसा साफ केला. आणि जबलपूरला येऊन साठ वर्षं झाल्यावर त्या पहिल्यांदा हिंदीत बोलल्या.

"वो तो रोज का है, बहन जी. आज शादी है ना, इसलिए उल्टा लिया."

अण्णा बसले. खुर्ची नव्हती, तरी बसले.

"रोज?" बडी अम्मांचे डोळे पाणावले. "आप घर में रोज सीधा पल्ला लेती हैं?"

"रोज," आत्या म्हणाल्या, आणि सगळ्या दुब्यांना आत घेतलं.

---

लग्न झालं. अडचण अशी, की बडी अम्मांना आत्या फार आवडल्या. दर गुरुवारी दुपारी चार वाजता त्या रुचिराला घेऊन मदन महलला यायला लागल्या. येताना मैत्रीखातर उलटा पदर घेऊन यायच्या. आणि आत्या घरात असल्यामुळे, रोजच्यासारख्या, सीध्या पल्ल्यात असायला हव्या होत्या.

तशा त्या असतात. दर गुरुवारी पावणेचारला त्या जिना चढून वळणापर्यंत जातात. आरसा अजून तिथेच आहे. तो काढायला अण्णांनी कारखान्यातले तीन निवृत्त मित्र आणले होते. चौघांनी मापं घेतली, चहा घेतला, आणि भिंत पाडावी लागेल असा निष्कर्ष काढून गेले.

परवाच्या गुरुवारी नथ्थूचा ठेला आला, तेव्हा फाटकाशी दोघी म्हाताऱ्या उभ्या होत्या. नथ्थूने आधी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. मग उलट्या पदराकडे वळून, तीस वर्षांत पहिल्यांदा, तो म्हणाला, "अम्मा, भाजी घ्या. ताजी आहे."

"क्या बोल रहा है?" बडी अम्मांनी विचारलं.

आत्यांचा चेहरा प्रणालीने वरून पाहिला. त्या दिवशी कलोडियनची नवी बाटली आली होती, पण इतकं चांगलं चित्र घ्यायला तिला एक सेकंदही मिळाला नाही. आत्या तरातरा आत आल्या आणि जिना चढून आरशासमोर उभ्या राहिल्या.

"आत्या," प्रणाली वरून म्हणाली, "खरं सांगून टाक ना त्यांना. किती दिवस हा सीधा पल्ला घेशील?"

"कोण म्हणते सीधा?" आत्या म्हणाल्या.

त्यांनी उजव्या खांद्यावरचा पदर नीट केला, नऊ टिकल्यांच्या मधून स्वतःकडे रोखून पाहिलं आणि आरशाकडे बोट केलं.

"पाह्य. डाव्याच खांद्यावर आहे."